शिस्त कुठून येते? (व्हाया चिंचोळी एमआयडीसी)

परदेशवारी करून आलेल्या मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं. "अरे, तिकडे रात्री दोन वाजता, रस्त्यावर काळं कुत्रं नसताना, लोक सिग्नलला थांबतात!" मग चहाचा एक घोट. आणि मग दुसरं वाक्य, तेही ठरलेलं. "आपल्याकडे हे कधीच होणार नाही. आपल्या लोकांच्या रक्तातच नाहीये ते."

पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी वर्षभर ऑनसाईट म्हणून जर्मनीत होतो. तिथे सिग्नलवरचा लाल माणूस दिसत असताना तुम्ही रस्ता ओलांडलात, तर पाठीमागून एखाद्या आजीबाई "लहान मुलांनी तुमच्याकडून काय शिकायचं?" अशा अर्थाचं काहीतरी हमखास ऐकवतात. तेव्हा शिस्तीबद्दल वादच नाही. आज बोलायचंय ते दुसऱ्या वाक्याबद्दल, म्हणजे रक्ताबद्दल. कारण या देशांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास काढून बसलं, की रक्ताचा रिपोर्ट भलताच निघतो.

पण त्याआधी थोडं सोलापूर.

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसी लागते. तालुका मोहोळ. सोलापूर म्हणजे फक्त चादर आणि शेंगाचटणी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो: इथे केमिकल्सपासून गाड्यांच्या इंजिनात बसणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत बरंच काही बनतं आणि त्यातलं पुष्कळसं परदेशात जातं. एमआयडीसीला लागून आपला पुणे-सोलापूर हायवे. पूर्वीचा नॅशनल हायवे ९. २०१० मध्ये सगळ्या हायवेंचे नंबर बदलले तेव्हापासून ६५. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत थेट मच्छलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा. यावर मुंबईचे कंटेनर धावतात, हैदराबादच्या व्होल्वो धावतात, आणि साखरेच्या हंगामात उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टरही धावतात. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असला तर तुमचं नशीब. आणि पाळी सुटली की याच रस्त्यावर मोटरसायकलवरून घरी निघालेले कामगार.

माझे मामा तिथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक नवीन मशीन बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला होता. साठीच्या जवळचा माणूस. रोज संध्याकाळी मामा कंपनीच्या गाडीतून त्याला सोलापूरच्या हॉटेलवर सोडायचे. पहिल्या संध्याकाळी समोरून, म्हणजे आपल्याच लेनमधून, एकामागून एक पाच-सहा मोटरसायकली आल्या तेव्हा त्याने समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला म्हणे. मामांनी आपल्या परीने समजूत घातली. "सायब, आपले लोक असेच. सगळीकडनं येलालेत. सवय होईल तुम्हाला."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने मामांना एक प्रश्न विचारला. मामांच्या तो अजून लक्षात आहे. "या लोकांना काम संपल्यावर समोरच्या गावात जायचं असतं, हे रस्ता बांधणाऱ्यांना माहीत नव्हतं का?"

बघा हं. आपण सगळे माणसांकडे बघत होतो आणि तो रस्त्याकडे बघत होता. कंपनीच्या बाजूने बाहेर पडलं की घराकडे वळायला दुभाजकात जवळपास जागाच नव्हती. कायदेशीर मार्गाने जायचं तर उलट्या दिशेने लांब जाऊन वळून यायचं. बारा तास उभं राहून आलेला माणूस, टाकीत मोजकं पेट्रोल. तो काय करणार? राँग साईडने चारशे मीटर.

मामांच्या कंपनीतला एकजण असाच चारशे मीटर निघाला होता. हिवाळ्यातली रात्र, समोरून ट्रक. हेल्मेट नव्हतं. मागे बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत, गावात, चहाच्या टपरीवर एकच निकाल लागला: "चूक त्याचीच होती." आणि ती होतीच, कोण नाही म्हणतंय? पण सॉफ्टवेअरवाल्यांनो, आपल्याकडे 'युजर एरर' असं लिहून तिकीट क्लोज करतात ना, तसं झालं ते. रोज पन्नास युजर तीच 'एरर' करत असतील तर आपला मॅनेजर आपल्याला काय विचारेल? स्क्रीन कुणी डिझाईन केली रे?

आता वळूया त्या शिस्तबद्ध लोकांकडे. काही आकडे देतो, जरा धीर धरा.

१९७० साली पश्चिम जर्मनीत रस्त्यावर १९,१९३ माणसं मेली. लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आसपास. म्हणजे लाखामागे साधारण ३१. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ३,२०० हून जास्त, म्हणजे लाखामागे जवळपास २४. जपानमध्ये १९७० साली १६,७६५, म्हणजे लाखामागे १६. तेही फक्त अपघातानंतर २४ तासांच्या आत गेलेले. जपान तेव्हा तसेच मोजत असे. आणि आपण? २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसार १,६८,४९१ मृत्यू. लाखामागे साधारण १२.

ही तुलना ढोबळ आहे हे मान्य. त्यांच्याकडे माणशी गाड्या जास्त होत्या, आपल्याकडे नोंदी कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा भारताबद्दलचा २०२१ सालचा अंदाज तर दोन लाखांच्या वर आहे. तो धरला तरी आपण लाखामागे १५-१६ वर पोचतो. म्हणजे 'रक्तात शिस्त' असलेला जर्मन १९७० साली आजच्या भारतीयाच्या दुपटीने रस्त्यावर मरत होता.

जर्मनांचंच बघा. १९५३ साली पश्चिम जर्मनीने वेगमर्यादा चक्क काढून टाकल्या होत्या, शहरातल्यासुद्धा! चार वर्षांत, १९५७ साली, शहरात ताशी ५० किलोमीटरची मर्यादा परत आणावी लागली. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर १०० ची मर्यादा यायला १९७२ साल उजाडलं. (ऑटोबानवर सरसकट मर्यादा अजूनही नाही, त्याबद्दल त्यांच्याकडे आजही भांडणं होतात.)

सीटबेल्टची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. १९७६ साली पुढच्या सीटवर बेल्ट लावणं सक्तीचं झालं, पण न लावल्यास दंड काहीच नव्हता. लोकांनी काय करावं? अपघातात गाडी पेटली तर आत अडकून मरू, माझ्या गाडीत मी काय करायचं हे सरकार कोण सांगणार, अशी कारणं देत लाखो जर्मन बेल्टशिवाय फिरत राहिले. पुण्यात राहिलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. "हेल्मेटने मान दुखते, मागचं ऐकू येत नाही, केस गळतात." हेल्मेटसक्ती म्हटली की पुणेकर मोर्चा काढतो. फरक एवढाच, की १ ऑगस्ट १९८४ पासून जर्मनीत ४० मार्क दंड सुरू झाला. त्यानंतर थोड्याच काळात पुढच्या सीटवरच्या बेल्टचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. लोक तेच, रक्त तेच. ४० मार्क नवीन होते.

मामांचा तो पाहुणा हे ऐकून हसला असता. कारण त्याचे वडील दंड सुरू होईपर्यंत बेल्ट लावत नव्हते, हे त्यानेच मामांना सांगितलं होतं.

पण नुसत्या दंडाने सगळं होतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली मेलेल्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. शाळेत जाताना, सायकलवर, घरासमोर खेळताना. त्यातल्या एका मुलीचे वडील, व्हिक लांगेनहॉफ, पत्रकार होते. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात एक संतापलेला लेख लिहिला. शीर्षक होतं, 'मुलांची हत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या! त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, रस्ते अडवले. १९७३ साली तेलाचं संकट आलं आणि सरकारने काही रविवार गाड्याच बंद ठेवल्या. तेव्हा रिकामे रस्ते कसे दिसतात ते लोकांना कळलं. १९७६ मध्ये कायद्याने 'वोनेर्फ' आले, म्हणजे घरांमधले असे रस्ते जिथे पायी चालणारा मालक आणि गाडी पाहुणी. आज आपण ॲमस्टरडॅमचे सायकल ट्रॅक बघून फोटो काढतो आणि म्हणतो, "यांचं कल्चरच वेगळं." त्या कल्चरची ही जन्मतारीख.

जपानमध्ये या काळाला 'वाहतूक युद्ध' असं नाव पडलं होतं. युद्धच म्हणायचं, कारण मरणारे तसेच होते. १९७० मध्ये त्यांनी वाहतूक सुरक्षेचा स्वतंत्र मूलभूत कायदा केला आणि दुसऱ्या वर्षापासून पंचवार्षिक योजना सुरू केल्या. पदपथ, कठडे, पादचारी पूल, सिग्नल. १९७९ साली मृत्यू ८,४६६ वर आले. नऊ वर्षांत निम्मे, आणि या नऊ वर्षांत गाड्या कमी झाल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या. मध्ये पुन्हा घसरण झाली, १९९२ मध्ये आकडा ११,४५२ वर गेला. पुन्हा कंबर कसली. २०२३ मध्ये २,६७८. म्हणजे हे एकदाच करून सोडून द्यायचं काम नाही. आपल्या भाषेत मेंटेनन्स प्रोजेक्ट आहे, फिक्स्ड बिड नाही :)

शेवटचा देश स्वीडन. इथे तर लोकांनी नको म्हटलेली गोष्ट करून दाखवली. स्वीडनमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालायच्या आणि शेजारी देशांत उजवीकडून. (डावं-उजवं म्हणजे काही पवित्र गोष्ट नाही. १९२८ साली पोर्तुगाल उजवीकडे गेला, पण गोव्यात मात्र पोर्तुगीज राज्य असूनही डावीकडेच राहिलं, कारण शेजारचा ब्रिटिश मुलूख डावीकडचा.) १९५५ साली स्वीडनने जनमत घेतलं. ८३ टक्के लोक म्हणाले, बदल नको. तरीही १९६३ मध्ये संसदेने निर्णय घेतला आणि चार वर्षं तयारी केली. दुधाच्या खोक्यांवर बोधचिन्ह छापलं, गाण्यांची स्पर्धा घेतली. ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे ४:५० ला रस्त्यावरची सगळी वाहनं थांबली, सावकाश उजवीकडे सरकली, आणि ५ वाजता पुन्हा निघाली. आपण ज्याला 'गो लाईव्ह' म्हणतो ते असं असतं!

याच स्वीडनने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' धोरण संसदेत मंजूर केलं. त्यातला विचार साधा आहे आणि मला तो इंजिनिअर म्हणून फार पटतो. माणूस चुकणारच. दमलेला असेल, घाईत असेल, मूर्ख असेल. त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी अशी व्यवस्था करणं हे रस्ता बांधणाऱ्याचं काम. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी समोरासमोर टक्कर व्हायच्या एका हायवेवर मधोमध तारेचे दोर लावले. ड्रायव्हर चुकला तर गाडी दोरावर आपटते, समोरच्या ट्रकवर नाही. ड्रायव्हरला कुणी संस्कार वर्गाला पाठवलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोऱ्यांचं आणि जपान्यांचं, इथे चालेल का? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं उदाहरण घ्या. तुम्हीआम्ही दर लाँग वीकेंडला ज्यावरून जातो तोच. २०१६ साली त्यावर १५१ जण मेले. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, हायवे पोलीस, महिंद्रा आणि सेव्हलाईफ फाउंडेशन यांनी मिळून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' नावाचं काम सुरू केलं. एकेक अपघात कुठे, कसा झाला ते तपासलं. उघडे पडलेले काँक्रीटचे कठडे, रेलिंगमधल्या मोकळ्या जागा, कडेला उभे राहणारे ट्रक, वेग, अँब्युलन्सला लागणारा वेळ, असं एकेक हाती घेतलं. २०१९ मध्ये, म्हणजे करोनाचा लॉकडाऊन येण्याच्या आधी, मृत्यू ९२ वर आले होते. ९२ हाही लाजिरवाणाच आकडा आहे. पण चालवणारे आपलेच होते ना? तेच मुंबईकर, तेच पुणेकर, लेन कापणारे, हॉर्न वाजवणारे. रक्त बदलायची वेळ कुणावर आली नाही.

म्हणून 'आपल्या रक्तातच नाही' हे वाक्य मला धोकादायक वाटतं. ते वरवर आत्मटीकेसारखं दिसतं, पण प्रत्यक्षात त्यातून सगळ्यांची सुटका होते. रक्तातच नसेल तर दुभाजक कुठे तोडायचा हे ठरवणारा सुटला, ट्रॉलीला रिफ्लेक्टर न लावणारा सुटला, दंड न करणारा सुटला, आणि हेल्मेट हँडलला लटकवून फिरणारा तर सुटलाच. अडकतो फक्त तो, जो मेला. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९१४ पासून मोटार वाहन कायदा आहे, मग १९३९ चा, मग १९८८ चा, त्यात २०१९ ची दुरुस्ती. हेल्मेट १९८८ च्या कायद्यात आहेच. मागच्या सीटवरच्या बेल्टचा नियमही होताच, तो आपल्याला आठवला सप्टेंबर २०२२ मध्ये, सायरस मिस्त्री पालघरजवळ गेल्यावर. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. दोन आठवडे चर्चा झाली. मग आपण पुन्हा आपापल्या कामाला लागलो.

मोठ्या माणसाची निदान दोन आठवडे चर्चा होते. मामांच्या कंपनीतल्या त्या माणसाची पाळी सुटायच्या वेळेपुरती झाली.

सरकारी व्याख्येप्रमाणे हायवेवरचा 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा माणसं मेली. तेवढं झालं की ती जागा यादीत येते आणि दुरुस्तीचा विचार सुरू होतो. यादी असणं चांगलंच आहे, आणि प्रत्येक जिल्ह्याला रस्ता सुरक्षा समितीही असते, तिच्याकडे नागरिक लिहू शकतात. आम्ही मामेभावंडांनी तसं पत्र आता लिहायला घेतलंय. मागणी काही फार मोठी नाही. पाळी सुटल्यावर माणसं जिथून खरोखर रस्ता ओलांडतात, तिथे ओलांडायची सोय, दिवे, आणि त्याआधी गाड्यांचा वेग कमी होईल असं काहीतरी. हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर. आणि गेटवर हेल्मेट असल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये, हे कंपन्यांसाठी.

पत्र वाचून मामा म्हणाले, "यादीत बसायला अजून चार अपघात लागतील की रे." ते चेष्टेने म्हणाले नव्हते. त्यांची दुसरी पाळी आहे या आठवड्यात.